भाचीच्या जीपसाठी चार्जर शोधताना

माझ्या भावाच्या मुलीला, म्हणजे माझ्या चार वर्षांच्या भाचीला, तिच्या मागच्या वाढदिवशी बॅटरीवर चालणारी लाल जीप मिळाली होती. ती जीप मे महिन्याच्या अखेरीपर्यंत आमच्या साताऱ्याच्या घरासमोरच्या अंगणात रोज संध्याकाळी फिरत असे. जूनमध्ये पाऊस सुरू झाला, अंगणात शेवाळ धरले, आणि जीप जिन्याखाली प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवली गेली. गणपतीपूर्वी घराला रंग दिला, तेव्हा जिन्याखालचे सगळे सामान दोनदा हलवले गेले आणि त्या हलवाहलवीत जीपचा चार्जर नाहीसा झाला. घटस्थापनेच्या सुमारास ऊन पडू लागले, भाचीने जीपवरचा कागद स्वतःच काढला, आणि दसऱ्याला बाबांच्या गाडीप्रमाणे आपल्याही गाडीची पूजा करायची असे जाहीर केले. पूजा झाल्यावर गाडी चालली पाहिजे, ही तिची अट होती. त्यानंतरच्या नऊ दिवसांत आम्ही जे केले, त्यातले बरेचसे आधी माहीत असते तर एक बॅटरी आणि पुष्कळ वेळ वाचला असता, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वप्रथम आम्ही शहरातील खेळण्यांच्या दुकानांत चौकशी केली. सगळीकडे थोड्याफार फरकाने एकच उत्तर मिळाले, की चार्जर वेगळा येत नाही. एका ठिकाणी तर नवीन गाडीच घ्यावी असा सल्ला मिळाला. जीपच्या तळाशी भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि उत्पादकाचे नाव छापलेले होते; १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर हे चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे सक्तीचे आहे. त्या नावावरून शोधलेल्या पत्त्यावर मी पत्र पाठवले. दसरा उलटून गेला तरी त्याचे उत्तर आलेले नाही. त्या तळाशी वजनाची मर्यादा होती, वयाची मर्यादा होती, परंतु या गाडीला किती व्होल्टचा, किती ॲम्पिअरचा आणि कोणत्या पिनेचा चार्जर लागतो, याचा एक शब्दही नव्हता. ही माहिती फक्त चार्जरवर आणि खोक्यावर होती. चार्जर हरवला होता आणि खोके रद्दीत गेले होते. ज्या वस्तूला रोज वीज जोडायची, तिच्या अंगावरच ही एक ओळ कोरलेली असावी, असे मला मनापासून वाटते.

दरम्यान भावाने स्वतःच्या पद्धतीने तोडगा काढला होता. घरात जुन्या सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर पडून होता. त्यावर १२ व्होल्ट, २ ॲम्पिअर असे लिहिलेले होते, जीपच्या खोक्यावर १२ व्होल्ट असल्याचे त्याला आठवत होते, आणि पिन जीपच्या सॉकेटमध्ये अगदी नीट बसली. रात्रभर लावून ठेवल्यावर सकाळी जीप अंगणात जेमतेम तीन मिनिटे, तीही रांगत, चालली आणि थांबली. ‘‘ताई, बॅटरीच गेली बहुतेक,’’ असा त्याचा फोन आला. मी माध्यमिक शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे घरातील विजेची प्रत्येक तक्रार माझ्याकडे येते. फोनवर त्याने सहज सांगितलेल्या एका गोष्टीने मात्र माझे कान टवकारले. अडॅप्टर भिंतीच्या सॉकेटमधून काढल्यावरही त्यावरचा हिरवा दिवा बराच वेळ जळत होता. याचा अर्थ अडॅप्टर बॅटरीला वीज देत नसून बॅटरीच उलट त्या दिव्याला वीज पुरवत होती.

येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. अशा खेळण्यांत बहुतेक वेळा सीलबंद शिसे-आम्ल (लेड-ॲसिड) बॅटरी असते, म्हणजे स्कूटरच्या किंवा यूपीएसच्या बॅटरीचीच धाकटी बहीण. तिचा एक घट साधारण २.१ व्होल्टचा असतो आणि ‘१२ व्होल्ट’ म्हणवणाऱ्या बॅटरीत असे सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण भरलेली आणि काही तास विसावलेली बॅटरी मोजली तर ती १२.७ ते १२.८ व्होल्ट दाखवते. पाणी वरच्या टाकीत चढवायचे तर पंपाचा दाब टाकीच्या उंचीहून अधिक लागतो, तसेच बॅटरी भरायची तर चार्जरचा दाब बॅटरीच्या स्वतःच्या दाबाहून अधिक लागतो. शिसे-आम्ल बॅटरीत हा दाब प्रत्येक घटामागे सुमारे २.४ व्होल्ट, म्हणजे सहा घटांना १४.४ व्होल्ट इतका असावा लागतो. सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर मात्र काटेकोरपणे १२ व्होल्टच देतो, कारण त्या यंत्राला तेवढेच हवे असतात. अशा अडॅप्टरवर जीप आठवडाभर लावून ठेवली असती तरी तिची बॅटरी अर्धीसुद्धा भरली नसती. ‘१२ व्होल्टचा अडॅप्टर’ आणि ‘१२ व्होल्टच्या बॅटरीचा चार्जर’ या दोन निराळ्या वस्तू आहेत, आणि त्यांच्या पिना सारख्या असल्यामुळेच घरोघरी ही गल्लत होते. ६ व्होल्टच्या गाड्यांनाही हेच लागू आहे. तेथे अडॅप्टर ६ व्होल्टचा नव्हे, तर सुमारे ७.२ व्होल्ट देणारा चार्जर हवा.

रविवारी मी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजण्याचे उपकरण, घेऊन भावाकडे गेले. चार्जर शोधायला बाहेर पडण्यापूर्वी गाडीचीच तपासणी करावी, हे मी आता प्रत्येकाला आग्रहाने सांगेन. गाडीचे चार्जिंगचे सॉकेट आतून बॅटरीलाच जोडलेले असते, म्हणून मल्टिमीटरचे एक टोक सॉकेटच्या मधल्या खिळ्याला आणि दुसरे बाहेरच्या पत्र्याला लावले की दोन गोष्टी एकदम कळतात. आकडा आला तर तेथपर्यंतची वायर शाबूत आहे, आणि आकड्यामागे उणे चिन्ह आहे की नाही यावरून प्लस आत आहे की बाहेर, हे समजते. हे करताना दोन्ही टोके एकमेकांना टेकू देऊ नयेत, कारण खेळण्यातली बॅटरीही शॉर्ट झाली तर वायर वितळवण्याइतकी वीज देते. काही गाड्यांत सॉकेटमागे डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, असतो आणि मग येथे काहीच दिसत नाही. तेव्हा वायरींचा मार्ग बॅटरीपर्यंत डोळ्यांनी पाहावा लागतो. आमच्या जीपमध्ये प्लस मधल्या खिळ्याला होते आणि आकडा ११.३ व्होल्ट होता.

त्यानंतर सीटखालचे स्क्रू काढले. आत १२ व्होल्टची एक बॅटरी असेल अशी माझी अपेक्षा होती, परंतु निघाल्या त्या ६ व्होल्टच्या दोन, प्रत्येकी ४.५ एएचच्या (एएच म्हणजे ॲम्पिअर-तास, बॅटरीत किती वीज साठते याचे माप). भावाला खोक्यावरचे ‘१२’ आठवत होते आणि भावजयीला कुठेतरी वाचलेले ‘६’ आठवत होते, म्हणजे दोघांचेही खरे होते. अशा वेळी निव्वळ बॅटरीवरचा आकडा वाचून भागत नाही, त्या एकमेकींना कशा जोडल्या आहेत तेही पाहावे लागते. एकीचे प्लस दुसरीच्या मायनसला जोडलेले असेल, तर व्होल्ट मिळवायचे आणि एएच तेवढेच धरायचे, म्हणजे १२ व्होल्ट, ४.५ एएच. प्लसला प्लस आणि मायनसला मायनस असेल, तर व्होल्ट ६ च राहतात आणि एएच ९ होतात. आमच्याकडे पहिला प्रकार होता. समजा, दुसऱ्या प्रकारच्या जोडणीवर कोणी १२ व्होल्टच्या बॅटरीचा चार्जर लावला, तर बॅटरी तापते, आतील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन वायू बाहेर पडू लागतो आणि बॅटरी फुगते. ‘‘अगं, खेळणंच तर आहे,’’ असे भाऊ म्हणाला, तेव्हा मी त्याला एक जुनी घटना सांगितली. ऑक्टोबर १९९८ मध्ये अमेरिकेत फिशर-प्राइस कंपनीच्या ‘पॉवर व्हील्स’ या मुलांच्या गाड्या विजेचे भाग तापून आग लागण्याच्या धोक्यामुळे परत मागवण्यात आल्या होत्या, आणि त्या गाड्यांची संख्या १ कोटीपर्यंत होती. मूल ज्या बॅटरीवर बसते, तिच्याबाबत ‘चालून जाईल’ हा विचार मला मान्य नाही.

दोन्ही बॅटऱ्या सोडवून वेगवेगळ्या मोजल्या, तेव्हा खरे दुखणे कळले. एक ६.२ व्होल्ट दाखवत होती आणि दुसरी ५.१. बॅटरीतून वीज घेतली जाते तेव्हा तिच्या दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते आणि चार्ज करताना ते पुन्हा विरघळते. रिकामी बॅटरी महिनोन्महिने तशीच ठेवली, तर या सल्फेटचे बारीक कण मोठे आणि कठीण होत जातात व मग ते सहजासहजी परतत नाहीत. मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी भाचीने जीप पूर्ण थांबेपर्यंत चालवली होती, आणि आम्ही ती तशीच गुंडाळून ठेवली होती. चार्जर हरवला नसता, तरीही चार महिन्यांनी एक बॅटरी आजारीच निघाली असती.

तिला एक संधी द्यावी म्हणून मी मुख्याध्यापिकांच्या परवानगीने शाळेच्या प्रयोगशाळेतील नियंत्रित वीजपुरवठ्याचा उपयोग केला. व्होल्ट ७.२ वर आणि विद्युतप्रवाह ४५० मिलिॲम्पिअरवर बांधून दोन्ही बॅटऱ्या एकेक दिवस, शाळेच्या वेळात, माझ्या डोळ्यांसमोर चार्ज केल्या. पहिलीने निमूटपणे प्रवाह घेतला, संध्याकाळपर्यंत तो हळूहळू कमी होत गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती ६.४ व्होल्टवर स्थिर होती. दुसरीने सुरुवातीपासूनच प्रवाह जवळजवळ नाकारला. व्होल्ट लगेच ७.२ पर्यंत चढले आणि वायर काढल्यावर सकाळपर्यंत ५.४ वर उतरले. ही बॅटरी संपली होती. नववीच्या मुलींनी हे दोन्ही दिवस वहीत दर तासाचे आकडे नोंदवले, आणि पुस्तकातील घटाची आकृती काढून घेण्यापेक्षा त्यांना त्यातून अधिक समजले, असे मला त्यांच्या प्रश्नांवरून जाणवले.

याच काळात भावाने घाईने एक चार्जर ऑनलाइन मागवला होता. ‘सर्व १२ व्होल्ट गाड्यांसाठी, १ ॲम्पिअर’ एवढेच त्याचे वर्णन होते. जीपला लावण्यापूर्वी मी तो मोकळाच मोजला, तर आकडा १८ व्होल्टच्या पुढे गेला. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या चार्जरमध्ये असे होते. भार नसताना ते जास्त व्होल्ट दाखवतात आणि बॅटरी लावली की खाली येतात. म्हणून केवळ त्या आकड्यावरून तो वाईट ठरत नाही. अडचण ही असते, की बॅटरी भरल्यावर असा चार्जर थांबत नाही. तो प्रवाह देतच राहतो, व्होल्ट १५ च्या वर चढतात आणि बॅटरी आतून कोरडी पडत जाते. गाड्यांबरोबर येणारे मूळ चार्जरही पुष्कळदा याच जातीचे असतात, आणि म्हणूनच पुस्तिकेत ‘इतक्या तासांपेक्षा अधिक वेळ लावू नये’ असे ठळक छापलेले असते. ती सूचना ज्या घरात काटेकोरपणे पाळली जाईल, त्या घरात तो चार्जर चालेलही. आमच्या घरात चार माणसे ‘तू काढलास असे वाटले’ म्हणणारी आहेत, म्हणून मी तो परत करायला लावला.

शाळेच्या एका कामासाठी मला त्याच आठवड्यात पुण्याला जायचे होते. सकाळच्या एसटीने खंबाटकी घाट ओलांडून स्वारगेटला उतरले, काम आटोपले आणि दुपारी बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत गेले. विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांसाठी पुण्यात अजूनही प्रथम या गल्लीचेच नाव घेतले जाते. तिसऱ्या दुकानातील वयस्क दुकानदारांना मी जीपचे वर्णन सांगू लागले, तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवले. ‘‘मॅडम, गाडीचं नाव नको, बॅटरीचा फोटो दाखवा.’’ फोटो पाहून त्यांनी लागोपाठ तीन प्रश्न विचारले: दोन्ही सिरीजमध्ये (एकापुढे एक) आहेत ना, पिन जाड की बारीक, आणि प्लस आत की बाहेर? या तीन प्रश्नांची उत्तरे माझ्याजवळ होती याचा मला फार आनंद झाला, कारण साताऱ्यात आठ दिवस कोणी मला त्यातला एकही विचारला नव्हता.

पिनेबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. या गोल पिना बाहेरून बहुधा ५.५ मिलिमीटरच्या असतात, पण आतले छिद्र कधी २.१ तर कधी २.५ मिलिमीटरचे असते. २.१ ची पिन २.५ च्या खिळ्यावर जातच नाही, त्यामुळे तेथे फसगत होत नाही. उलट प्रकार मात्र त्रासदायक आहे. २.५ ची पिन २.१ च्या खिळ्यावर आरामात जाते, बसल्यासारखी वाटते आणि आत सैल राहते; मग कधी चार्ज होते, कधी होत नाही आणि जोड तापतो. जीपचे सॉकेट उघडून बरोबर नेता आले नाही म्हणून मी भावाचा जुना अडॅप्टर नमुना म्हणून नेला होता, कारण त्याची पिन घट्ट बसत असल्याचे मी पाहिले होते. दुकानदारांनी तो बाजूला ठेवून त्याच मापाची पिन असलेला चार्जर काढला. त्यावर ‘लेड-ॲसिड बॅटरीसाठी, १४.४ व्होल्ट, ५०० मिलिॲम्पिअर’ असे स्पष्ट छापलेले होते आणि बॅटरी भरल्यावर तो प्रवाह आपोआप तोडणारा होता. शेजारीच अगदी तसाच दिसणारा, १२.६ व्होल्टचा, आणखी एक चार्जर होता. तो लिथियमच्या तीन घटांसाठी होता. हल्ली काही खेळण्यांत लिथियमच्या बॅटऱ्या येऊ लागल्या आहेत, त्यामुळे हे दोन चार्जर एकाच घरात असण्याची शक्यता वाढली आहे. लिथियमचा चार्जर शिशाच्या बॅटरीला लावला तर ती पूर्ण भरत नाही एवढेच; परंतु १४.४ व्होल्टचा चार्जर त्या लिथियमच्या बॅटरीला लावणे हे सरळ आगीला बोलावणे आहे.

मी ५०० ऐवजी १ ॲम्पिअरचा घेतला तर लवकर भरेल का, असे विचारले. बॅटरीच्या लेबलवर सुरुवातीचा प्रवाह १.३५ ॲम्पिअरपेक्षा कमी असावा असे लिहिले होते, म्हणजे नियमात तो बसत होता. ‘‘बसतो, पण घाई कशाला? सावकाश भरलेली बॅटरी जास्त टिकते,’’ असे ते म्हणाले, आणि मला ते पटले. ४.५ एएचच्या बॅटरीला अर्ध्या ॲम्पिअरने नऊ तास, आणि वाया जाणारी वीज धरून दहा ते बारा तास लागतात. सकाळी लावले तर संध्याकाळी काढता येते आणि झोपेच्या वेळी काही जोडलेले राहत नाही.

बॅटऱ्याही तेथेच घेतल्या. एकच संपलेली असली तरी दोन्ही बदलल्या, कारण जुनी आणि नवी एकापुढे एक जोडली की एक आधी भरते व उगाच जास्त चार्ज होत राहते, तर दुसरी उपाशी राहते. दुकानदारांनी काढलेल्या चार बॅटऱ्यांपैकी एक ६.० व्होल्टच दाखवत होती. दुकानाच्या फळीवर पडून राहिलेली बॅटरीही हळूहळू उतरते, त्यामुळे त्यांनी ती स्वतःहून बाजूला केली आणि एकाच तारखेच्या, ६.३ च्या वरच्या दोन दिल्या. जुन्या दोन मी पिशवीत घेऊनच गेले होते. प्रत्येकी पाऊण किलोचे ते ओझे घाटातून वाहून नेण्याचे कारण म्हणजे अशा बॅटऱ्या शिशाने भरलेल्या असतात, आणि घरच्या कचऱ्यात त्यांना जागा नाही. दुकानदारांनी त्या भंगाराच्या भावाने वळत्या करून घेतल्या.

घरी आल्यावर चार्जर पुन्हा मोजला, पिनेचे प्लस-मायनस जीपच्या सॉकेटशी ताडून पाहिले, वायरमधला फ्यूज शाबूत असल्याची खात्री केली आणि मगच जीपला लावला. पहिले दोन तास दर अर्ध्या तासाने बॅटरीवर हात ठेवून पाहिला. ती कोमट झाली, गरम झाली नाही. जीप व्हरांड्यात, उघड्या हवेत ठेवली होती, आणि सीट वर उचलून ठेवली होती. लाल दिवा हिरवा झाल्यावरही मी त्यावर विसंबले नाही. संपलेली बॅटरी प्रवाहच घेत नसल्यामुळे चार्जरला ती भरल्यासारखी वाटते, आणि हिरवा दिवा तेव्हाही लागतो. पिन काढून रात्रभर थांबले आणि सकाळी मोजले, तेव्हा आकडा १२.८ होता. मग एका कागदावर ‘लेड-ॲसिड, १४.४ व्होल्ट, ५०० मिलिॲम्पिअर, प्लस आत, १२ तासांपेक्षा जास्त नाही, पावसाळ्यात महिन्यातून एकदा चार्ज करणे’ असे लिहून तो सीटच्या आतल्या बाजूला पारदर्शक पट्टीने चिकटवला. चार्जरला जीपच्या स्टिअरिंगखाली एक कापडी पिशवी शिवून दिली. तीत तो राहतो, मात्र पिन लावण्याचे आणि काढण्याचे काम मोठ्या माणसांचेच, हे भाचीकडून कबूल करून घेतले आहे.

दसऱ्याच्या सकाळी भावाच्या स्कूटरशेजारी जीप उभी केली, दोघींनाही हळदकुंकू वाहिले आणि झेंडूचे एकेक तोरण बांधले. संध्याकाळी सोने वाटायला भाची जीपमधूनच निघाली. शेजारच्या सीटवर आपट्याच्या पानांची टोपली होती, आणि गल्लीतील प्रत्येक दारापाशी ती ब्रेक लावल्यासारखा पाय काढून गाडी थांबवत होती. अकरा घरे झाली. शेवटच्या चढावर जीप किंचित मंदावली, तेव्हा मी तिला उतरायला सांगितले आणि आम्ही दोघींनी ती ढकलत घरी आणली. बॅटरी पूर्ण उतरू द्यायची नाही, असे मी तिला सांगितले होते, आणि तिने ते शेजारच्या आजींनाही सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी पिन लावली; संध्याकाळी साडेचारला ‘‘आत्या, हिरवा झाला!’’ अशी हाक आली.